जुना एमपी३ प्लेयर गाणी क्रमाने वाजवत नसेल तर : माझा अनुभव

फाइलींच्या नावांपुढे ०१, ०२ असे आकडे असूनही प्लेयर आधी सातवे गाणे वाजवायचा, मग तिसरे. नावे बदलली, टॅग (फाइलीतच साठवलेली गाण्याची माहिती) दुरुस्त केले, रीसेट केला. काडीचा फरक नाही. अक्षरशः वैताग आला होता.

कारण फॅट फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे प्लेयरच्या मेमरीत फाइली साठवण्याच्या पद्धतीत निघाले. असे बरेच जुने प्लेयर नाव बघतच नाहीत. फोल्डरच्या यादीत नोंदी ज्या क्रमाने असतील, त्याच क्रमाने वाजवतात.

आधी गाणी संगणकावर उतरवून घ्या. प्लेयरवरचा फोल्डर डिलीट करून नवा बनवा. मग एकेक गाणे टाका, पहिले पूर्ण कॉपी झाल्यावरच दुसरे. सगळी एकदम ओढू नका, घोळ तिथेच होतो. शेवटी ‘सेफली रिमूव्ह’ करूनच केबल काढा. लिनक्सवर फॅटसॉर्ट नावाचा प्रोग्रॅम हेच काम झटक्यात करतो; त्याआधी प्लेयर अनमाउंट (केबल न काढता सिस्टिमपासून वेगळा) मात्र करायचा.