अडचणीच्या मोरीतले जुने नळ बदलताना

पाना, बादली, पोतेरं, टॉर्च हे सांगायला नको. सांगायचंय ते डमी प्लगचं, म्हणजे पाइपाचं उघडं तोंड बुजवायच्या आट्याच्या बुचाचं. अर्ध्या इंचाचे डमी प्लग, जितके नळ तितके आणि वर एक. ते हातात आल्याशिवाय जुन्या नळाला पाना लावू नका. नवा नळ बसला नाही आणि दुकानात परत जावं लागलं, तर भिंतीतलं उघडं तोंड बुजवायला दुसरं काही नसतं. ते बुजत नाही तोवर गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडता येत नाही. म्हणजे स्वयंपाकघर कोरडं, संडास कोरडा. लाकडाची खुंटी ठोकून वर चिंधी आवळायचा उपाय मी केलाय. करू नका.

दिवस निवडताना नर्मदेच्या नळपाण्याचं वेळापत्रक बघा. इंदुरात बहुतेक वस्त्यांना पाणी एक दिवसाआड. पाणी यायच्या आदल्या दिवशी, टाकी तळाला गेलेली असताना काम काढा; पिण्याचं आधी भरून ठेवा. व्हॉल्व्हची परीक्षा आदल्या रात्रीच घ्या: तो बंद करून मोरीतला नळ सोडून ठेवा. जुना गेट व्हॉल्व्ह बरेचदा पूर्ण बसत नाही, करंगळीएवढी धार चालूच राहते. तसं असेल तर आधी तो बदला. नर्मदाकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर घाट चढून आलेलं पाणी गटारात घालवायचं नाही.

गीझरचा स्विच बंद.

आता जागा. जिन्याखालच्या मोरीत नळ कोपऱ्यात असतो, बाजूच्या भिंतीपासून चार बोटांवर. साधा नळ बसवताना अख्खा गोल फिरतो, आणि त्याची चोच भिंतीला अडली की काम अर्ध्या वेढ्यात संपलं. म्हणून घरी पाइपाच्या मध्यापासून भिंतीपर्यंत मोजा, आणि सियागंजच्या बाजारात नळ हातात घेऊन आट्याच्या मध्यापासून चोचीच्या टोकापर्यंत. मूठही धरा, तीही फिरते. ती काढून बसवता येते. दुकानदार ‘सगळे सारखेच असतात हो’ म्हणेल. टेप काढून मोजाच. वॉल मिक्सरला (गरम-गार पाणी मिसळणाऱ्या नळाला) हा त्रास नाही, तो नटांनी आवळतात. दोन तोंडांतलं अंतर साधारण 150 मिलिमीटर, थोडा फरक वाकड्या लेगांनी, म्हणजे जोडतुकड्यांनी, निघतो. आणि त्याच दुकानात, त्याच बिलावर, डमी प्लग. प्लास्टिकचाही चालेल. त्यालाही टेफलॉन (आट्यांवर गुंडाळायची पट्टी) लागतं.

जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप असेल तर जपून. बोरिंगच्या पाण्याचा खार आणि गंज मिळून आटे असे धरतात की नळाऐवजी भिंतीतला एल्बोच (पाइपाचा कोपरा) फिरतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी पाना हलक्या हाताने मागे-पुढे. आटा आत तुटून राहिला तर हट्ट सोडा, प्लंबरला बोलवा. तुटलेल्या आट्याला डमी प्लगही कामाचा नाही. बाकी सगळ्यासाठी आहे. घेतलेत ना?

टेफलॉन आटे घट्ट बसतील त्याच दिशेने, दहा-बारा वेढे. चोच सरळ करायला नळ उलटा फिरवला की ठिबकतो. काढा, पुन्हा गुंडाळा. नवा नळ लावण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून गंज बादलीत काढा. नळाच्या तोंडची जाळी पहिल्या पाण्याला काढून ठेवा. फ्लँज (भिंतीतलं भोक झाकणारी चकती) नळाआधी घालायची, नंतर जात नाही.