एकाच स्पेलिंगचे अनेक अर्थ: ‘मोल’ची मुळं कशी शोधायची

चांगल्या इंग्रजी डिक्शनरीत ‘मोल’ (mole) काढा. तो एकदा नाही, चार-पाचदा भेटेल आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक आकडा असेल. अनुवाद करताना मी आधी तोच आकडा बघते. तो बदलला की शब्दाचं घराणं बदललं. नोंदीच्या पोटातले आकडे मात्र एकाच मुळाला फुटलेले अर्थ असतात. या दोन आकड्यांची गल्लत टाळलीत की निम्मा गुंता सुटतो.

मग शब्दाचं सर्वांत जुनं रूप बघा. ते बहुधा चौकटी कंसात असतं आणि घाईत आपण नेमकं तेच ओलांडून जातो. अंगावरचा तीळ तो मोल, जुन्या इंग्रजीत ‘माल’ म्हणजे डाग, विशेषतः कापडावरचा. जमीन पोखरणारा मोल प्राणी निराळा. त्याचं जुनं नाव मोल्डवॉर्प, म्हणजे माती उडवणारा. शत्रूच्या गोटात दडलेला हेर याच प्राण्याच्या पोटी आला, त्याला वेगळी नोंद शोधू नका.

उच्चार वेगळा असेल तर सरळ परकं घर धुंडाळा. मेक्सिकोतल्या दाट रश्श्याचं स्पेलिंग हेच, पण म्हणायचं ‘मोले’. तो नाहुआत्ल भाषेतल्या ‘मोली’वरून स्पॅनिशमार्गे आला.

आकडे वेगळे दिसले तरी लगेच नातं तोडू नका, एक पिढी मागे जा. माझा सर्वांत लाडका टप्पा हाच. लाटा अडवायला बंदरात बांधलेली दगडी भिंत तोही मोल, लॅटिन ‘मोलेस’ म्हणजे अवजड ढीग यावरून. रसायनशास्त्रातला मोल, म्हणजे कण मोजायचं एकक, हा जर्मन ‘मोलेक्यूल’चा (रेणूचा) तुकडा, 1890च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी तो रूढ केला. आणि मोलेक्यूल म्हणजे? त्याच ‘मोलेस’चं लघुरूप, इवलासा ढीग! म्हणजे समुद्राला थोपवणारे धोंडे आणि एका मोलमधले, 2019 पासून नेमके 6.02214076 × 10²³ ठरलेले कण, दोघे चुलतभाऊ.

कुणी आद्याक्षरांची गोष्ट सांगितली तर आधी त्या शब्दाच्या पहिल्या लेखी वापराचं साल तपासा. विसाव्या शतकाआधी आद्याक्षरं जोडून शब्द क्वचितच बनत. ‘न्यूज’ चार दिशांच्या इंग्रजी नावांवरून आला, हे असंच एक पिल्लू. तो साधा ‘न्यू’चा अनेकवचनी अवतार आहे.