छापील छायाचित्राचे रंग मॉनिटरशी जुळवताना

मॉनिटरवर उजळ दिसणारे छायाचित्र कागदावर काळपट उतरले की दोष प्रिंटरला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा मॉनिटरचा अवाजवी ब्राइटनेस हेच असते. मॉनिटर स्वतः प्रकाश देतो, तर कागद खोलीतला प्रकाश परावर्तित करतो, त्यामुळे दोन्ही तंतोतंत सारखे दिसणार नाहीत. मात्र एकाकडे पाहून दुसऱ्याचा भरवशाचा अंदाज बांधता येणे नक्की शक्य आहे.

प्रथम रात्री पडदा पिवळसर करणारी 'नाइट लाइट'ची सोय आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करावा व मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा. मग पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, ज्या प्रकाशात प्रिंट तपासणार त्याच प्रकाशात छपाईचा कोरा कागद शेजारी धरावा आणि दोन्ही पांढरे सारखेच उजळ भासेपर्यंत ब्राइटनेस उतरवत जावा. सुरुवातीला पडदा मंद वाटेल, पण डोळे सरावतात. रंगांच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर विसंबू नये, कारण पडद्याची निळसर झाकही त्यांना थोड्या वेळाने पांढरीच वाटू लागते. नियमित छपाई करणाऱ्याने म्हणूनच कलरीमीटर, म्हणजे पडद्याचे रंग मोजून ते दुरुस्त करायला मदत करणारे उपकरण, घ्यावा, हा खर्च महागड्या कागदाआधीचा आहे. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पांढऱ्या रंगासाठी ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारे मूल्य) २.२ आणि ब्राइटनेससाठी दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला ही मूल्ये निवडावीत आणि साधारण महिन्याने मोजणी पुन्हा करावी.

यानंतर आपला प्रिंटर आणि नेमका तोच कागद यांसाठीचे आयसीसी प्रोफाइल (त्या जोडीवर रंग कसे उतरतात याची नोंद असलेली फाइल) कागदाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्यावे. फोटोशॉपमध्ये 'प्रूफ सेटअप'मध्ये ते निवडून 'प्रूफ कलर्स' चालू केले की छपाईत काय उतरेल ते आधीच दिसते: पैठणीचा झळझळीत निळा-जांभळा मवाळ होतो, मॅट कागदावर काळा रंग राखाडीकडे झुकतो. दुरुस्ती हे पाहूनच करावी. छापताना रंगांचे नियंत्रण फोटोशॉपकडे दिले असेल, तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधील (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) रंगसुधारणा बंदच हवी. अन्यथा रंग दोनदा बदलले जाऊन चेहऱ्यांवर गुलाबी झाक येऊ शकते.

लॅबकडून छापून घेताना त्यांचे प्रोफाइल मागावे. ते नसल्यास एसआरजीबी (बहुतेक पडद्यांवर आणि संकेतस्थळांवर वापरली जाणारी सर्वसामान्य रंगप्रणाली) प्रोफाइल जोडलेली फाइल द्यावी आणि त्यांच्याकडून परस्पर रंगसुधारणा नको, हे स्पष्ट सांगावे. लग्नाचा संपूर्ण अल्बम छापण्याआधी त्यातील दोन-चार छायाचित्रांच्या लहान प्रिंट अवश्य काढाव्यात.

शाई पूर्ण वाळल्यावर प्रिंट खिडकीतल्या उजेडात पाहावी, थेट उन्हात किंवा पिवळ्या दिव्याखाली नको. सगळीच काळपट असेल तर ब्राइटनेस पुन्हा तपासावा. उजळपणा योग्य असून रंगच बिघडले असतील, तर ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार चुकीचा निवडला गेला आहे का, ते आधी पाहावे.