सुट्टीतील दुपारसाठी काळी माती
मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा अनेकदा ४२ अंशांपलीकडे जातो, तेव्हा दुपारी बारा ते चार लहान मुलांना घरातच रमवावे लागते. त्यासाठी शेतातील काळी माती चाळून रात्रभर भिजत ठेवावी. ही माती वाळताना आकसते आणि तडकते, म्हणून सकाळी मळतानाच तिच्यात थोडी बारीक वाळू व पिंजलेल्या कापसाचे तंतू मिसळावेत. मग चूल, बैलजोडी, आखाजीचा (खानदेशातील अक्षय्य तृतीयेचा) झोका असे मुलांना सुचेल ते घडू द्यावे. बैलाचे शिंग मोडले तर आपण जोडून देऊ नये. ओल्या बोटाने सांधा कसा लिंपायचा, एवढेच दाखवावे. खेळणी सावलीतच वाळवावीत. तीन वर्षांखालील मूल माती तोंडात घालते, त्याच्याजवळ मोठ्या माणसाने बसावेच.