गेमचा रिव्ह्यू लिहिताय? मोजलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवा

रिव्ह्यू निःपक्ष हवा म्हणजे त्यात स्वतःचं मत नको, असं बरेच जण धरून चालतात. मला ते पटत नाही. मत तर हवंच, पण कुठलं वाक्य मोजून लिहिलंय आणि कुठलं वाटलं म्हणून, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

सुरुवात मशीनपासून करा. गेल्या मे महिन्यात, नागपुरात पारा ४५ च्या वर असताना, भर दुपारी मी एका गेमबद्दल लिहून टाकलं होतं, ‘लढाईत फार अडखळतो.’ कूलर सुरू होता, तरी डब्ल्यूच्या बटणाला बोट लावलं की चटका बसत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजता त्याच लॅपटॉपवर तीच लढाई खेळलो, तर गेम सुरळीत चालला. प्रोसेसर फार तापला की स्वतःला जपायला वेग कमी करतो. दोष उन्हाचा होता आणि खापर मी गेमवर फोडलं होतं. तेव्हापासून लॅपटॉप कोणता, सेटिंग काय, सेकंदाला किती फ्रेम (पडद्यावर बदलणारी चित्रं) मिळाल्या आणि खोली किती तापली होती, हे सगळं लिहितो. मशीन बदललं की किती फरक पडतो ते डिसेंबर २०२० मध्ये सगळ्यांनीच पाहिलं. ‘सायबरपंक २०७७’ या गेमचे तो बाजारात येण्याआधी आलेले रिव्ह्यू पीसीवर खेळून लिहिलेले होते. सोनीच्या पीएस४ या गेमिंग कन्सोलवर मात्र गेमची अशी दैना झाली की सोनीने आठवडाभरात तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला.

मग वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे तथ्य, उजवीकडे मत. ‘सेकिरो’ या गेममध्ये सोपं-कठीण निवडायची सोय नाही, हे डावीकडे. त्यामुळे चौथ्या दिवशी कंटाळलो, हे उजवीकडे. उजवीकडच्या प्रत्येक ओळीला ‘कारण’ जोडा. जिला जोडता येत नाही ती खोडा.

आपला जीव कुठे अडकलाय तेही सांगा. पुण्यातल्या स्टुडिओचा ‘राजी’ (२०२०) हा गेम हाती घेतला आणि दुर्गा-विष्णू गोष्ट सांगायला लागले, तेव्हाच मी विरघळलो होतो. ते पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आणि खाली लढाया एकसुरी वाटल्या हेही लिहिलं. गेम फुकट मिळाला असेल, अर्धाच खेळला असाल, तर तेही सांगून टाका.

गुण शेवटी द्या, नाही दिले तरी चालतं.

छापण्याआधी आवड वेगळी असलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. माझा मावसभाऊ फक्त क्रिकेटचे गेम खेळतो. वाचून तो म्हणाला, ‘दादा, तुला नाही आवडला, पण मला आवडेल असं वाटतंय,’ की मी लेख पाठवून देतो.