तीन हंगामांचे फोटो, चाळीस पानांचं पुस्तक: निवड आणि क्रम कसा लावायचा

‘फोटो एडिट कसे करायचे’ असं विचारलं की सगळे कॉन्ट्रास्ट आणि रंगांबद्दल सांगत सुटतात. ते आठवड्याभरात हाताला बसतं. खरं संपादन वेगळं आहे. कुणी काम न देता, स्वतःच्या ओढीने दोन-तीन वर्षं काढलेल्या फोटोंमधलं काय ठेवायचं, काय वगळायचं आणि कशानंतर काय लावायचं, ते हे संपादन. यावर मात्र धड कुणी बोलत नाही. माझं उदाहरण ऊसतोडीचं आहे. बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या एका टोळीबरोबर मी तीन गाळप हंगाम फिरलो आणि नऊ हजारांच्या आसपास फोटो जमले.

हंगाम संपला की महिनाभर फोटो उघडू नका. थंडी, थकवा, त्या दिवशीचा आनंद हे सगळं अंगातून उतरू द्या.

पहिली चाळणी भरभर करा. हललेले आणि एकासारखे एक असलेले काढा, शंका आली तर राहू द्या. नऊ हजारांचे सहाशे झाले की दुसऱ्यांदा बसून दीडशेवर या. रंगांना अजून हात लावायचा नाही. त्या दीडशेंचे साधे चार बाय सहाचे प्रिंट लॅबमधून काढून आणा. हे पैसे वाचवू नका.

आता अवघड टप्पा.

प्रिंट जमिनीवर पसरा आणि आठवडाभर तसेच राहू द्या. येता-जाता बघा. हे काम मोबाइलवर होत नाही, कारण तिथे एका वेळी एकच फोटो दिसतो आणि एकेकटा फोटो चांगला वाटतोच. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरला, सत्तावीस हजारांच्या आसपास फ्रेम टिपल्या, त्यातल्या हजारेक फोटोंचे कामापुरते प्रिंट काढून भिंतींवर टाचले, जमिनीवर मांडले. ‘द अमेरिकन्स’ या त्याच्या पुस्तकात राहिले ८३. ‘दहा फोटो टाकून बघा, ज्याला जास्त लाइक तो ठेवा’ हा सल्ला मला अनेकांनी दिला. तो ऐकू नका. लाइक सुट्या फोटोला मिळतो. पुस्तकात त्या फोटोला शेजारी असतात.

माझी गाडी इथेच वर्षभर अडली होती. पहाटे तीनचा एक फोटो होता: धुकं, ट्रकच्या दिव्यांचा उजेड आणि डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून वर चढणारी बाई. त्या फोटोसाठी मी रात्रभर कुडकुडलो होतो. जो बघेल तो वाहवा करायचा. मी सगळं पुस्तक त्याच्याभोवती रचत बसलो आणि दर वेळी ते ओझं वाहणाऱ्या माणसांचं प्रदर्शन होऊन बसायचं.

शेवटी प्रिंटचा गठ्ठा घेऊन टोळीकडे गेलो. एका ताईंनी कोपीच्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपडीच्या, दारात बसून तो चाळला. ट्रकचे फोटो त्यांनी भराभर मागे टाकले. ते तर त्यांचं रोजचंच. थांबल्या त्या मी जवळजवळ काढून टाकलेल्या फोटोपाशी. त्यांच्या गावातलं घर, दाराला कुलूप, ओट्यावर सासू आणि तिच्या मांडीवर नातू. बराच वेळ बघून म्हणाल्या, “आमी इकडं आसलो की घर आसं दिसतं व्हय?”

माझा विषय ऊस नव्हताच. सहा महिने मागे राहणारं घर हा विषय होता. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. त्या कोयत्यामागे कुलूप लागलेलं एक दार असतं. हे कळल्यावर निवड चार दिवसांत झाली. पहाटेचा तो फोटो पुस्तकात नाही.

म्हणून ठामपणे सांगतो: फोटो टिपायला किती त्रास झाला, हे निवडीचं कारण होऊ शकत नाही. हातात घेतलेला फोटो पुस्तकाला काय देतो, ते एका वाक्यात मोठ्याने सांगा. दोन फोटोंसाठी तेच वाक्य आलं तर एक बाजूला करा, मग दोन्ही कितीही सुंदर असोत. आणि ज्यांचे फोटो आहेत त्यांना गठ्ठा दाखवा. छापायला त्यांची हरकत नाही ना, हेही तेव्हाच विचारा. नाही म्हणाले तर फोटो गेला, त्यावर वाद घालायचा नाही.

क्रम लावताना तारखेला बांधून घेऊ नका. समोरासमोरच्या दोन पानांवर दोन जोरदार फोटो ठेवले की दोघंही पडतात. पान उलटताना उजवं पान आधी दिसतं, म्हणून महत्त्वाचा फोटो तिथे ठेवा आणि डावं पान खुशाल कोरं सोडा. माणूस पानाबाहेर बघत असेल तर पुढच्या पानावर त्या नजरेला काहीतरी सापडू द्या. माझ्याकडे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधणारी मुलगी रस्त्याकडे बघते आणि पान उलटलं की ते कुलूप येतं. चार-पाच गर्दीच्या फोटोंनंतर एक शांत फोटो हवाच: विझलेली चूल, रिकामी बैलगाडी.

रंग आणि उजेड आता दुरुस्त करा. स्क्रीनचा उजेड कमी ठेवा, नाहीतर छापील फोटो काळवंडून येतात. फोटोखालच्या ओळींमध्ये गाव, महिना, वर्ष पुरे.

छपाईचं थोडक्यात: सेंटर पिन (मधल्या घडीवर मारलेल्या पिना) असेल तर पानं चारच्या पटीत, छापायच्या आकाराला ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त. चकचकीत कागद टाळा, बोटांचे ठसे उठतात. एक डमी, म्हणजे नमुना प्रत, छापून घेतल्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नका.

माझ्या पुस्तकाची पानं चाळीस, फोटो एकतीस. शंभर प्रती छापल्या. पहिल्या बारा टोळीकडे गेल्या. त्यातली एक आता त्या ओट्यामागच्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, रेशनकार्डाच्या पिशवीत असते.