फाइल शेअरिंग बंद आणि परफॉर्मन्स मॉनिटर मुका: या चुका टाळा

जुलैचा शेवटचा आठवडा, सदाशिव पेठेतलं एका सीएचं ऑफिस. रिटर्न भरायची घाई आणि कोपऱ्यातला एक पीसी रडतखडत चाललेला. आठ मशिन्स, डोमेन नाही, म्हणजे सगळ्यांची खाती सांभाळणारा मधला सर्व्हर नाही; साधा वर्कग्रुप. म्हटलं, तिथे बसलेल्या आर्टिकलला (शिकाऊ सीएला) उठवायला नको, माझ्या लॅपटॉपवरूनच विंडोजचा परफॉर्मन्स मॉनिटर, म्हणजे मशीनवर कुठे ताण येतोय ते दाखवणारं साधन, लावून बघू. मशीन काही जोडलं जाईना. कुणीतरी सगळ्या पीसींवरचं फाइल अँड प्रिंटर शेअरिंग बंद करून ठेवलं होतं.

बंद करणाऱ्याला नावं ठेवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टवरूनच, म्हणजे नेटवर्कच्या त्या दारातूनच पसरला होता. पण दुसऱ्या मशीनचे काउंटर (डिस्क, प्रोसेसर वगैरेंचे आकडे) वाचताना परफॉर्मन्स मॉनिटर तिथली रजिस्ट्री (विंडोजची सेटिंगांची वही) लांबून वाचू देणाऱ्या रिमोट रजिस्ट्री सर्व्हिसकडे जातो आणि ती वाटही त्याच ४४५ पोर्टवरून, म्हणजे फाइल शेअरिंगच्या एसएमबी प्रोटोकॉलमधून जाते. एकही फोल्डर शेअर केलेला नसला तरी चालतं. मात्र पलीकडची सर्व्हर सर्व्हिस चालू हवी आणि फायरवॉलमध्ये पोर्ट उघडा हवा.

इथे पहिली फसगत पिंगची, म्हणजे मशीन नेटवर्कवर आहे का ते विचारणाऱ्या हुकमाची. पिंगला उत्तर आलं म्हणजे ४४५ उघडा आहे असं नाही. उलटही होतं: पिंगचा नियम फायरवॉलच्या याच फाइल शेअरिंगच्या गटात असतो, त्यामुळे गट बंद केला की पिंगही गप्प होतं आणि माणूस केबल तपासत टेबलाखाली शिरतो. मीही शिरलोय. त्यापेक्षा पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शनला ४४५ पोर्ट देऊन बघा, अर्ध्या मिनिटात कळतं.

पोर्ट उघडा असूनही जमत नसेल तर रिमोट रजिस्ट्री पाहा. विंडोज १० आणि ११ मध्ये ती मुळातच डिसेबल्ड असते. नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं नाही ना, तेही बघून घ्या; तसं असलं की फायरवॉल जास्त कडक होते.

त्यानंतर खात्याचा घोळ, आणि छोट्या ऑफिसांत सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पासवर्ड नसलेल्या खात्याने नेटवर्कवरून आत जाता येत नाही, आणि 'आपलंच तर ऑफिस आहे' म्हणत पासवर्ड न ठेवणारे पुण्यात पेठेपेठेत सापडतील. बरं, लोकल ॲडमिनचा पासवर्ड असला तरी वर्कग्रुपमध्ये यूएसी, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारांवर विंडोजने ठेवलेला पहारा, नेटवर्कवरून आलेल्या ॲडमिनचे अधिकार कापते. म्हणून रजिस्ट्रीत खाडाखोड करत बसू नका. दोन्ही मशीनवर एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं साधं खातं काढा आणि पलीकडे ते परफॉर्मन्स मॉनिटर युजर्स गटात टाका.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे वैतागून फायरवॉलच बंद करणं. एसएमबीच्या नियमाच्या स्कोपमध्ये (कुणाला आत घ्यायचं त्या यादीत) फक्त तुमच्या लॅपटॉपचा आयपी घाला, काम झालं की नियम बंद. एसएमबीची जुनी पहिली आवृत्ती चालू करायची तर अजिबात गरज नाही.

४४५ उघडायचाच नसेल तर विनआरएम (लांबच्या मशीनवर हुकूम चालवायची विंडोजची सोय) वापरा, ते ५९८५ पोर्टवर चालतं. इथे एक बारीक गोम आहे: काउंटर वाचणाऱ्या पॉवरशेलच्या गेट-काउंटर हुकमाला थेट कॉम्प्युटरचं नाव दिलंत तर तो पुन्हा जुन्याच वाटेने जातो. तोच हुकूम इन्व्होक-कमांडच्या आत घातला की पलीकडच्या मशीनवर चालतो आणि फक्त उत्तर परत येतं.

त्या दिवशी मी यातलं काहीच केलं नाही. मालकांना शेअरिंग उघडणं मंजूर नव्हतं आणि त्यांचं बरोबर होतं. आर्टिकलला दहा मिनिटं चहाला पाठवलं, त्याच पीसीवर परफॉर्मन्स मॉनिटरचा डेटा कलेक्टर सेट (काउंटर आपोआप नोंदवत राहणारी सोय) लावला, १५ सेकंदांचं अंतर, दिवसभराची नोंद. संध्याकाळी नोंदीची बीएलजी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या लॅपटॉपवर उघडली. अकराच्या ठोक्याला डिस्कची रांग (तिच्याकडे खोळंबलेली कामं) वाढली होती: अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन कुणीतरी ऐन कामाच्या वेळेला लावलं होतं.